मंडईतल्या फळ्यांपासून फायबर सिमेंटच्या उभ्या पट्ट्यांपर्यंत



परिसर अभ्यास म्हटलं की आपण मुलांना नदी दाखवतो, टेकडी दाखवतो, किल्ल्यावर नेतो. बाजारातल्या इमारती मात्र राहून जातात. खरं तर शाळेनंतर मुलांचा बराच वेळ तिथेच जातो. खाली दुकानं, वरच्या मजल्यावर क्लास, अशी रचना पुण्यातल्या प्रत्येक पेठेत आहे. आपली आठवी ते बारावीची मुलं रोज संध्याकाळी दोन-दोन तास त्या जिन्यांनी वर जातात. त्या इमारतीच्या तोंडावर काय लावलंय, ते पावसात कसं वागतं आणि आग लागली तर कसं वागेल, हे किती पालक बघतात? आपण बघतो ती फी, निकाल आणि फार तर पार्किंग.

म्हणून आजचा पाठ इमारतीच्या दर्शनी भागावर आहे. त्यातही एका विशिष्ट प्रकारावर : फायबर सिमेंटच्या बोर्डांच्या उभ्या पट्ट्या. नव्या व्यापारी इमारतींवर आणि जुन्या इमारतींच्या नव्या ‘एलेव्हेशन’वर या पट्ट्या दिसतात. लाकडासारख्या दिसतात, पण हात लावला तर दगडासारख्या गार लागतात. त्या समजून घ्यायला मंडईसारखी दुसरी जागा नाही. कारण तिथे एका चौकात उभं राहिलं की दगड, लाकूड, पत्रा, प्लास्टर, काच आणि ॲल्युमिनियम असं सगळं एकाच नजरेत येतं.

आधी मंडई

महात्मा फुले मंडईची इमारत १८८५-८६ च्या सुमारास उभी राहिली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचं. फर्ग्युसन कॉलेजच्या मुख्य इमारतीशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. जोतीराव फुले त्या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. बाजारावर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घालावा, असं म्हणून त्यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला जोतीरावांचं नाव मिळालं. आपल्या पेशातल्या माणसांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, मग त्यातून जो वाद होईल तो होऊ द्यावा.

आता इमारतीकडे बघा. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्यातून बाहेर पडणाऱ्या बाजू, टोकदार कमानी आणि उतरती छपरं. भिंत काळ्या पाषाणाची. या भिंतीला वेगळी कातडी नाही. जी भिंत वजन पेलते तीच पाऊस झेलते आणि तीच लोकांना दिसते. दगड जाड, त्यामुळे पाणी आत पोचायच्या आधीच पाऊस थांबतो आणि भिंत वाळते.

आजची इमारत अशी नसते. वजन पेलायला काँक्रीटचे खांब आणि तुळया असतात. मधली भिंत विटांची किंवा ब्लॉकची, सहा इंचाची, त्यावर प्लास्टर आणि रंग. खांब आणि वीट उन्हात वेगवेगळं फुगतात, म्हणून जोडावर केसासारखी चीर पडते. पावसाळ्यात तिथून ओल येते. मग मालक म्हणतो, ‘वरून काहीतरी लावून टाका’. हे जे वरून लावलं जातं त्याला क्लॅडिंग म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला इमारतीचा अंगरखा म्हणू.

फळ्या लावणे

उभ्या पट्ट्या ही परदेशातून आलेली फॅशन आहे असं समजायचं कारण नाही. शटर येण्याआधी पेठांतली दुकानं उभ्या फळ्यांनीच बंद होत. खाली उंबऱ्यात खाच, वर चौकटीत खाच. एकेक फळी वरच्या खाचेत घालायची, खाली बसवायची आणि बाजूला सरकवायची. फळ्यांवर क्रमांक घातलेले असत, कारण हातानं रंधलेली प्रत्येक फळी आपापल्याच जागी बसायची. शेवटच्या फळीनंतर आडवा अडसर आणि कुलूप. ‘दुकानाच्या फळ्या लावल्या’ म्हणजे धंदा बंद, हा वाक्प्रयोग तिथूनच आला. काही जुन्या दुकानांना अशा फळ्या अजून दिसतात. दिसल्या तर मुलांना त्या खाचा दाखवा.

फळी उभीच का? मुलं पटकन सांगतील, ‘सरकवायला सोपी’. बरोबर आहे, पण अर्धंच. लाकूड तंतूंच्या दिशेनं चिवट असतं. उभ्या फळीवर पडलेलं पाणी तंतूंच्या दिशेनं सरळ खाली जातं, आडव्या जोडात साठत नाही. आणि खराब झाली तर एकच फळी बदलता येते.

मंडईपासून चालत थोड्याच अंतरावर विश्रामबागवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, १८०७ च्या सुमाराचा. त्याचा रस्त्याकडचा दर्शनी भाग पाहिला तर कोरीव लाकडी खांब सगळे उभे, त्यांना आडवं बांधणारी तुळई एकच ठळक. उभं आणि आडवं यांचं प्रमाण कसं ठेवावं हे ज्याला शिकायचंय त्यानं तिथे पंधरा मिनिटं समोरच्या फुटपाथवर उभं राहावं. अर्थात गर्दीनं उभं राहू दिलं तर.

तिसरं उदाहरण घाटातलं. लोणावळा, महाबळेश्वरकडे गेलात तर घरांच्या पश्चिमेच्या भिंतीवर पन्हळी पत्रे ठोकलेले दिसतात. पन्हळी कायम उभ्या असतात. तो पत्रा कुणी आडवा लावत नाही, कारण आडव्या पन्हळीत पाणी अडेल. उभ्या क्लॅडिंगचं पहिलं तत्त्व घाटातल्या माणसाला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलेलं आहे.

हा बोर्ड आहे तरी काय?

फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, बारीक दळलेली वाळू, पाणी आणि लाकडाच्या लगद्यातले तंतू. नुसतं सिमेंट दाबाला भक्कम, पण वाकवलं की मोडतं. तंतू त्याला धरून ठेवतात. मुलांना सांगायचं तर शेणामातीच्या सारवणात किंवा मातीच्या विटेत आपण भुसा, गवत, ताग घालतो तेच तत्त्व.

हे बनवायची युक्ती ऑस्ट्रियातल्या लुडविग हातशेक यांनी काढली आणि १९०१ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. कागद जसा लगद्याच्या पातळ थरांतून बनतो तसेच सिमेंटचे पातळ थर एकमेकांवर चढवायचे. फक्त त्यांचे तंतू ॲस्बेस्टॉसचे होते. आपण ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो तो त्याच घराण्यातला. पुढे कळलं की ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की असाध्य आजार होतात, कर्करोगसुद्धा. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, आपल्याकडे मात्र ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे अजूनही मिळतात. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसच्या जागी लाकडाचे तंतू वापरून बोर्ड बनवायला सुरुवात झाली. बोर्ड दाबाच्या वाफेत शिजवला जातो, त्यामुळे तो नंतर कमी आकसतो. आज क्लॅडिंगसाठी जो बोर्ड घ्यायचा तो हा. बिलावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असं लिहून घ्यावं, नुसत्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

इथे शाळांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अनेक शाळांच्या शेडवर, सायकल स्टँडवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. ते जागेवर शांत असतात तोवर धोका कमी. पण त्यांना भोकं पाडू नका, घासू नका, फुटलेले तुकडे मुलांना उचलायला लावू नका. श्रमदानाच्या उत्साहात हे हमखास घडतं.

आणखी एक, घरातल्या पार्टिशनचा बोर्ड बाहेर चालत नाही. भारतीय मानक आयएस १४८६२ मध्ये बाहेरच्या वापराचे आणि आतल्या वापराचे बोर्ड वेगळे सांगितले आहेत. बाहेरचा म्हणजे ऊन-पाऊस थेट झेलणारा. दिसायला दोन्ही सारखेच करडे. स्वस्तातला आतला बोर्ड बाहेर लावला तर पहिल्या काही पावसाळ्यांतच त्याच्या कडा फुगून सुटू लागतात.

पाणी कुठून जातं?

पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाच्या मानानं तो काहीच नाही. पण तो वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून तिरका येतो आणि भिंतीवर आपटतो. बोर्ड भिंतीला थेट चिकटवला तर काय होईल? सांध्यातून, स्क्रूच्या भोकातून थोडं तरी पाणी मागे जाणारच. मागे गेलं की बाहेर यायला वाट नाही. भिंत आतून ओली राहते, वर अंगरखा असल्यामुळे दिसत नाही, आणि दोन वर्षांनी क्लासच्या फळ्यामागे बुरशी येते.

म्हणून चांगल्या कामात बोर्ड आणि भिंत यांच्यात दोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी ठेवतात. वर आणि खाली ती हवेला खुली असते, खाली उंदीर-पाली शिरू नयेत म्हणून जाळी असते. मागे गेलेलं पाणी पोकळीतून खाली ओघळतं, खेळत्या हवेनं वाळतं. उन्हाळ्यात याच हवेनं पश्चिमेची भिंतही कमी तापते. छत्री डोक्याला चिकटलेली नसते म्हणूनच ती कामाची असते, तसंच हे.

इथे उभ्या पट्टीची खास अडचण येते, आणि निम्मी कामं इथेच फसतात. पट्टी उभी असेल तर तिला धरणारी चौकट आडवी हवी. म्हणजे भिंतीवर आडवे चॅनेल मारायचे आणि त्यांवर उभ्या पट्ट्या स्क्रूनं कसायच्या. पण आडवा चॅनेल भिंतीला टेकला की मागून येणारं पाणी त्यावर अडतं आणि हवासुद्धा अडते. उत्तर सोपं आहे, पण पैसे आणि वेळ मागतं : आधी भिंतीवर उभे चॅनेल, त्यांवर आडवे, आणि मग उभ्या पट्ट्या. तीन थर. आडव्या पट्ट्यांच्या कामात एकच उभा थर पुरतो, म्हणून ठेकेदाराला आडवं काम स्वस्त पडतं. उभ्या कामाचा दर कुणी आडव्याइतकाच सांगितला, तर एक थर गाळलाय का हे विचारायला हरकत नाही.

दोन पट्ट्यांमधल्या उभ्या फटीवर बारीक पट्टी मारतात. जुने सुतार दाराच्या फळ्यांवर मारायचे तशीच. किंवा एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवतात. सुतार त्याला नर-मादी सांधा म्हणतात. फक्त सिलिकॉन भरून मोकळं होणं हा उपाय नव्हे. सिलिकॉन काही वर्षांत सुटू शकतं.

आडवे सांधे किती येतील याचं गणित मुलांना जरूर घाला. बोर्ड साधारण ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. व्यापारी इमारतीचा मजला १० ते १२ फुटांचा. म्हणजे एक बोर्ड एका मजल्याला पुरत नाही. कुठेतरी आडवा सांधा येणारच. तो जिथे येईल तिथे वरचं पाणी बाहेर फेकणारी पत्र्याची घडी हवी. वाड्याच्या पागोळ्या जशा भिंतीपासून दूर पडतात, तसं त्या घडीवरून पाणी दूर पडलं पाहिजे. आणि सांधा मनाला येईल तिथे न घेता सगळ्या दर्शनी भागावर एकाच उंचीला, शक्यतो स्लॅबच्या रेषेत घ्यावा.

त्याच ओळीत दुकानांच्या पाट्या आणाव्यात असं माझं ठाम मत आहे. पुण्यातल्या व्यापारी इमारतीचं सगळं सौंदर्य पाट्या खातात. आर्किटेक्ट सुंदर उभ्या रेषा काढतो आणि सहा महिन्यांत त्यावर आठ रंगांचे फ्लेक्स. मराठी पाटी कायद्यानं लागतेच, ती लागावीच. मग पहिल्यापासून दोन मजल्यांच्या मध्ये दोन-अडीच फुटांचा आडवा पट्टा तिच्यासाठी राखून ठेवा. आडवा सांधाही त्यामागे झाकला जातो आणि उभ्या रेषाही वाचतात.

पाण्याला जे हवं, ते आगीलाही हवं

हा भाग जरा सावकाश वाचा.

१४ जून २०१७ ला लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीला आग लागली. ७२ माणसं गेली. सुरुवात एका स्वयंपाकघरातल्या आगीनं झाली. पण नूतनीकरणात इमारतीला बाहेरून जे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल लावलं होतं, त्याच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिथिन होतं. ते पेटलं आणि आग बाहेरच्या बाहेर वर चढत गेली. आपल्याकडे ‘एसीपी’ म्हणून दुकानांच्या तोंडावर जे चकचकीत पॅनेल सर्रास लावतात, ते याच प्रकारचं असतं. त्याची न पेटणारी जात मिळते, पण महाग असते, आणि बाहेरून बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

२४ मे २०१९ ला सुरतेत एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये २२ विद्यार्थी गेले. आग खालून वर आली. मुलांनी खिडकीतून उड्या मारलेली ती दृश्यं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. आणि आपल्याच मंडईत, २० ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री नव्या मेट्रो स्थानकात वेल्डिंगचं काम चालू असताना फोमच्या साहित्यानं पेट घेतला. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. हे प्रसंग वेगवेगळे आहेत, प्रत्येकाची कारणं वेगळी आहेत. पण तिन्हींत पेट घेणारी वस्तू इमारतीत आधीच आणून ठेवलेली होती.

फायबर सिमेंटचा बोर्ड स्वतः पेटत नाही. त्याच्या बाजूनं हा सर्वांत मोठा मुद्दा, आणि मुलं बसतात त्या इमारतीसाठी मला तोच पुरेसा वाटतो. मात्र ‘बोर्ड पेटत नाही, म्हणजे भिंत सुरक्षित’ असं समजू नका. मघाची पोकळी आठवा. पाणी उतरावं, हवा खेळावी म्हणून जी उभी नळी आपण मुद्दाम ठेवली, तीच आगीच्या वेळी धुराड्याचं काम करते. गरम हवा वर ओढली जाते आणि ज्वाळा तिच्यामागे. पोकळीत थर्माकोल किंवा फोम भरलेला असेल, विजेच्या वायरी लोंबत असतील, तर बाहेरचा बोर्ड न पेटताही आग मजला ओलांडते.

पाण्याला पोकळी उघडी हवी आणि आगीला बंद. हा पेच सोडवायला प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी पोकळीत आगरोधक अडथळा बसवतात. तो रॉकवूलचा असतो आणि त्याच्या कडेला उष्णतेनं फुगणारी पट्टी असते. एरवी थोडी फट मोकळी राहते, पाणी-हवा जाते. आग आली की पट्टी फुगून फट बंद करते. हा अडथळा काम झाल्यावर कधीच दिसत नाही. म्हणून काम चालू असताना त्याचे फोटो काढून ठेवायला सांगावं. उष्णता किंवा आवाज रोखायला मागे काही भरायचंच असेल तर तेही रॉकवूलचं असावं.

आणि एक साधं निरीक्षण. कितीही चांगला बोर्ड असो, त्यानं जिन्याच्या खिडक्या झाकल्या असतील तर ते काम वाईट. एलेव्हेशन सलग दिसावं म्हणून खिडक्यांवरून अंगरखा ओढलेल्या इमारती पुण्यात कमी नाहीत. धुराला बाहेर जायला आणि अग्निशमनाच्या माणसाला आत यायला तीच वाट असते. मंडईच्या आसपासच्या बोळांत बंब जेमतेम शिरतो, हे वेगळं सांगायला नको.

उभ्या रेषांनी इमारत खरंच उंच दिसते का?

कुठलाही विक्रेता सांगेल, ‘साहेब, उभ्या पट्ट्या लावा, बिल्डिंग उंच दिसेल’. साडीच्या दुकानातही उभ्या रेघांबद्दल हेच सांगतात. गंमत अशी की जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच याच्या उलट नोंदवून ठेवलंय. एकाच मापाचे दोन चौरस काढा. एकात दाट उभ्या रेषा, दुसऱ्यात दाट आडव्या. उभ्या रेषांचा चौरस रुंद दिसतो आणि आडव्या रेषांचा उंच! भरलेली जागा डोळ्याला मोठी वाटते. उभ्या रेषा एकीपुढे एक अशा रुंदीत भरलेल्या असतात, म्हणून रुंदी मोठी वाटते. वर्गात पाच मिनिटांत हा प्रयोग होतो. मुलं पट्टी घेऊन मोजायला धावतात.

मग इमारतीवर काय करायचं? रेषा उभी की आडवी एवढाच प्रश्न नाही. त्या किती दाट आहेत आणि कुठे तुटतात हे महत्त्वाचं. जमिनीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत न तुटता गेलेल्या चार-पाच ठळक रेषा नजरेला वर नेतात. हाताच्या बोटांएवढ्या दाट रेषांनी भरलेली भिंत पसरट वाटते. पेठेतला प्लॉट तोंडाला अरुंद आणि आत खोल असतो. तिथे दाट बारीक रेषा उपयोगी पडतात, चिंचोळं तोंड थोडं मोकळं वाटतं. उलट लांबट, बुटक्या मार्केटला रुंद पट्ट्या द्याव्यात आणि मध्ये मध्ये एखादी खोल खाच वरपर्यंत न्यावी.

पट्ट्यांची वाटणी मधून सुरू करावी. समजा दर्शनी भाग २१ फूट आहे आणि बोर्ड ४ फुटी. पाच बोर्ड बसले, एक फूट उरला. डावीकडून सुरू केलं तर उजव्या कोपऱ्यात एक फुटाची केविलवाणी चिंधी येते. मधून सुरू केलं तर दोन्ही कडांना अर्धा अर्धा फूट येतो, तोही फारसा शोभत नाही. त्यापेक्षा २१ फुटांचे १४ सारखे भाग केले तर दीड-दीड फुटाच्या पट्ट्या होतात आणि उरत काही नाही. पण ४ फुटांच्या बोर्डातून दीड फुटाच्या दोनच पट्ट्या निघतात, एक फूट वाया! २१ पट्ट्या एकेक फुटाच्या केल्या तर काहीच वाया जात नाही (करवतीची जाडी सोडून). सहावीच्या मुलांना विभाजकांचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळणार?

सावलीचाही विचार हवा. उभ्या पट्टीची सावली सूर्य बाजूनं येतो तेव्हाच पडते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी. भर दुपारी, त्यातही मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा, सूर्य डोक्यावर असतो आणि उभ्या पट्टीची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्या वेळी काम करतो तो आडवा छज्जा. आणि बोळात थेट ऊन पोचतच नाही. तिथे खोल खाचा करून पैसे घालवू नयेत, दोन जवळच्या छटांनी तेवढंच काम होतं. रंगाबद्दल माझी एक आवड सांगतो : सिमेंटवर लाकडाच्या रेषांचा ठसा उठवून त्याला सागवान म्हणणं मला पटत नाही. मंडईच्या काळ्या दगडाशेजारी राखाडी, चुनखडीचा पांढरा किंवा मातकट तांबडा असा साधा रंग जास्त शोभतो.

जमिनीलगत मात्र हा बोर्ड नकोच. मंडईत दिवसभर हातगाड्या, टेम्पो, पोती, क्रेट यांची ये-जा. फायबर सिमेंटची कड ठोक्यानं तुटते. तळाचा कापलेला भाग पाणी शोषतो. म्हणून खाली तीन-चार फूट दगड ठेवावा, वर पट्ट्या. जिथे दगड नसेल तिथे निदान अर्धा फूट जमिनीपासून सोडावा आणि कापलेल्या कडांना रंग किंवा सीलर लावावा. काळा दगड खाली आणि त्यावर उभी लाकडी रेष, हे पेठेतल्या वाड्यांनी पूर्वीच ठरवून ठेवलंय.

बोर्ड कापताना

बोर्डात वाळू असते. सुक्या करवतीनं कापला की तिची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती रोज श्वासात गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. कामगार तोंडाला रुमाल बांधतात, त्यानं ही धूळ अडत नाही. पाण्याची धार सोडून कापावं किंवा धूळ ओढणारं यंत्र जोडावं, आणि योग्य मास्क द्यावा. भाजीच्या पाट्या मांडलेल्या गल्लीत तर उघड्यावर कापूच नये. बोर्ड मापानं बाहेरून कापून आणावेत. शाळेचं किंवा क्लासचं काम निघालं तर ते सुटीत ठेवा, चालू वर्गाच्या शेजारी नको.

वर्गासाठी काम

मुलांना मंडईत नेणार असाल तर सकाळी दहाच्या आत न्या, नंतर गर्दीत पोरं सापडत नाहीत. प्रत्येक गटाला एक इमारत द्या. तिचं चित्र काढताना फक्त रेषा काढायच्या, उभ्या निळ्या आणि आडव्या लाल. मग विचारा : पाऊस या भिंतीवर पडला तर थेंब कुठून कुठे जाईल? तो कुठे अडेल? जिन्याची खिडकी कुठे आहे, ती उघडते का? भिंतीवर टिचकी मारून पोकळ आवाज येतो की भरीव? (दुकानदाराला विचारून!) ॲल्युमिनियम गारेगार आणि पोकळ वाजतं, फायबर सिमेंट जड आणि बद्द वाजतं.

पालकांसाठी काम याहून लहान आहे. पुढच्या वेळी मुलाला क्लासला सोडाल तेव्हा गाडी वळवायच्या आधी मान वर करून इमारत बघा. दर्शनी भाग कशाचा आहे ते क्लासच्या सरांना विचारा, माहीत नसेल तर मालकाला विचारायला सांगा. एसीपी असेल तर आतला गाभा पेटणारा की न पेटणारा, याचा कागद मागा. जिना एकच आहे की दोन, आणि गच्चीचं दार कुलूपबंद असतं का, हेही त्याच फेरीत पाहून घ्या.